रुमालाखालचा हात

हल्ली जो तो सांगतो, ओळखी वाढवा, ओळखीवर धंदा चालतो. मला हे कोणी सांगू नये. उभा जन्म मी जालन्याच्या बाजारात कापसाची दलाली केली आणि ओळखी वाढवणारा एक माणूस मी स्वतःच्या हाताने बाजारात आणून बसवला. त्याची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, निजामाच्या अमलातली. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि दलाल समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवत. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळायचा. मग मी शेतकऱ्याच्या हातावर रुमाल टाकून तोच आकडा त्याला सांगायचो. नियम एकच होता: रुमालाखालचं रुमालाखाली राहायचं. कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडलेला मी पाहिला नव्हता.

माझं मोठं गिऱ्हाईक म्हणजे जालन्याच्याच मस्तगड भागातले एक वयस्क मुसलमान व्यापारी. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणायचा. ते सरकी काढायच्या कारखान्यासाठी, म्हणजे जिनासाठी, कापूस घेत. तीर्थपुरीचा कापूस स्वच्छ यायचा, म्हणून तिथल्या गाड्यांना ते गुपचूप आणाभर भाव जास्त देत. हे ते जाणत, मी जाणत होतो आणि ते शेतकरी. बारा वर्षांत आमच्यात एक चिठ्ठी झाली नाही, की एक वाद.

अशात धावड्याकडचा एक पाव्हणा माझ्याकडे आला. बायकोच्या मावशीच्या नात्यातला. तोंडात साखर, आणि दिसेल त्याला वाकून राम राम. कोणाच्या घरी बारसं आहे, कोणाची म्हैस व्याली, सगळं त्याला ठाऊक. म्हणाला, "दादा, तुमच्या वळखीनं माझं बी बस्तान बसंल. एकदा चाचांच्या म्होरं बसवा, मी बराबर शिकून घेतो."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मी त्याला चाचांकडे नेलं. चाचांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "पाटील, तुमचा मानूस हाये?"

"माझाच हाये, चाचा," मी म्हणालो.

तेवढ्यावर त्यांनी रुमाल उचलला आणि माझ्या हाताशेजारी त्याचाही हात आत घेतला. शिकणाऱ्याला असंच शिकवत असत. तीर्थपुरीचा भाव त्याच्या बोटांना कळला.

आठवडा उलटला आणि तीर्थपुरीच्या गाड्या बाजारात आल्याच नाहीत. दुसऱ्या जिनाच्या खरेदीदाराने त्या नाक्यावरच अडवल्या होत्या, चाचांच्या भावावर आणखी एक आणा टाकून. तोच मला हसत म्हणाला, "पाटील, तुमचा पाव्हणा लई कामाचा मानूस. मला चाचांचा आकडा बिलकुल बरोबर सांगितला. दोन कप च्यात काम झालं!"

मी तडक बाजारातल्या गर्दीत शिरलो. पाव्हण्याला गाठलं तर तो पान जुळवत होता.

"दादा, त्यात काय बिघडलं?" तो म्हणाला. "मी कोनाचं चोरलं न्हाई. वळख वाढवून राह्यलो. धंद्यात ह्याच्याशी बी ठेवावं लागतं अन् त्याच्याशी बी."

"वळख? वळख म्हनतो तू ह्याला? चाचांनी तुला न्हाई, माझ्या शब्दाला हात दिल्ता!"

"तुम्ही उगीच तापता," तो म्हणाला आणि पानाचा एक विडा माझ्यापुढे धरला. चोर तो चोर वर शिरजोर! मी विडा फेकून दिला. लोक हसले, ते पाव्हण्याला नाही, मला. भांडखोर मीच ठरलो. तो मनमिळाऊ.

तसाच चाचांकडे गेलो. म्हणालो, "चाचा, मला काईच माहीत न्हव्तं."

त्यांनी चहा मागवला. शांतपणे म्हणाले, "तुमच्यावर शक न्हाई, पाटील. पन मी त्याला कुठं वळखत व्हतो? मी तुमाला वळखत व्हतो."

घरी येताना मनात चडफडलो, की हे वड्याचं तेल वांग्यावर निघालं. पण अर्ध्या वाटेत लक्षात आलं, वांगं मीच निवडून आणलं होतं. त्या माणसाचा जेवढा राग आला, तेवढाच त्या दिवशी स्वतःचा आला.

पुढच्या बाजारी थोड्या गाड्या आल्या. मी नेहमीसारखा चाचांच्या समोर बसलो, खांद्यावरचा रुमाल काढला आणि हात पुढे केला. चाचांनी आपले दोन्ही हात काठीवरून हलवले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी भाव सांगितला. गर्दीत पाव्हणाही होता. तो पुढे होऊन वाकला, "राम राम, चाचा!" चाचांनी त्यालाही अदबीने राम राम केला.

माझा हात तसाच रुमालाखाली राहिला, रिकामा.

पुढे चाचांनी माझा माल कधी नाकारला नाही, ना कधी कमी भाव दिला. ईदला शीरखुर्माही न चुकता घरी यायचा. पण ते होते तोवर आमचा प्रत्येक सौदा मोठ्याने झाला. आणि मी मात्र दर बाजारी धुतलेला रुमाल खांद्यावर टाकूनच त्यांच्यासमोर बसत राहिलो.