दहावी सभासद

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतल्या बायकांनी मला एकदा चांगलंच सुनावलं. त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे, हे आधीच सांगून टाकते. कारण तेव्हा मला भयंकर राग आला होता.

मी ह्याच चाळीत वाढले. शिकले, परळच्या एका ऑफिसात लागले, ठाण्याला फ्लॅट घेतला. आई मात्र चाळ सोडायला तयार नाही, त्यामुळे रविवारची फेरी ठरलेली. चाळीतल्या दहाजणी हिंदमाताच्या दुकानांतून कापडाचे उरलेसुरले तुकडे आणून बाळांची दुपटी शिवायच्या. दुपटी इतकी मऊ आणि नेटकी, की ऑफिसातल्या एका बाळंतिणीला मी एक दिलं आणि मागणी वाढतच गेली. मग एका मोठ्या दुकानाने दर महिन्याला माल मागितला. अट एकच, रीतसर नोंदणी हवी.

झालं, मी कंबर कसली. ट्रस्ट, ना-नफा कंपनी, सहकारी संस्था, सगळं वाचून काढलं. कंपनी मला सगळ्यात झकास वाटली. दोन संचालक पुरतात, म्हणजे मी आणि माझा भाऊ. कोणाची कटकट नाही. कागद तयार केले आणि आईच्या खोलीत सगळ्यांना बसवून थाटात वाचायला लागले. संचालकांत माझं नाव होतं, आणि ह्या दहाजणी ‘लाभार्थी’ म्हणून.

शेजारच्या मावशीची सुई थांबली. पहिलं दुपटं ह्या मावशीने शिवलं, बाकीच्यांना तिनेच शिकवलं. तिची सूनही तिच्याच हाताखाली तयार झाली.

“लाभार्थी म्हंजे कोण गं?” मावशीने विचारलं.

“ज्यांचं भलं व्हायचंय ते.”

“आणि करणार कोण? तू?”

सगळ्या खो खो हसल्या. मी नाही हसले. म्हटलं, “मावशी, कागदावर नाव कोणाचं, ह्याने काय फरक पडतो? काम तर तुमचंच आहे ना?”

मावशीने आवाज चढवला नाही. “तुझे काका मिलमध्ये बारा वर्षं बदलीवाले होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. आतला कोणी आला नाय तर ह्यांना हाक, नायतर डबा घेऊन परत. मशीनवर हात त्यांचाच होता की. पण मस्टरवर कायमचं नाव शेवटपर्यंत लागलं नाय. मिल बंद झाली तेव्हा कोणी विचारलं पण नाय. आता म्हातारपणी मी पण बदलीतच राहू?”

मी कागद गोळा केले आणि तरातरा निघाले. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, असं जिना उतरताना मोठ्याने म्हणालेसुद्धा. खालच्या पायरीवर बसलेल्या मांजराने तेवढं ऐकलं.

कोणीतरी माझी बाजू घ्यावी म्हणून मी गिरगावात मैत्रिणीच्या वडिलांकडे गेले. ते वकिलांच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी कागद शांतपणे वाचले.

“कंपनीत वाईट काही नाही,” ते म्हणाले. “पण उद्या तुमचं आणि ह्या बायकांचं पटेनासं झालं, तर बाहेर कोण जाईल?”

मी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, “त्या.”

“मग सहकारी संस्था करा. निवडणुका, सभा, दरवर्षी तपासणी, डोकेदुखी आहे. पण प्रत्येकीला एक मत. फक्त अर्जावर दहा सभासद लागतील, दहा वेगवेगळ्या घरांतले.”

चर्नी रोडपर्यंत चालताना मला स्वतःची लाज वाटली. ज्या बायकांनी मला लहानपणी आळीपाळीने जेवायला घातलं, त्यांना मी लाभार्थी करायला निघाले होते.

पुढच्या रविवारी आधी माफी मागितली, मग मोजणी केली. बायका दहा, पण घरं नऊ. मावशी आणि तिची सून एकाच घरातल्या.

“सुनेचं नाव घाल,” मावशी लगेच म्हणाली. “माझं काय, आज हाय उद्या नाय.”

सून सासूपुढे फारसं बोलत नसे. त्या दिवशी बोलली. “आई, मस्टरवर तुमचंच नाव लागणार. मी थांबते.”

मावशीने भिंतीकडे तोंड केलं आणि पदराने डोळे पुसले.

तरी एक घर कमीच पडत होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हिलाच घ्या,” एकजण म्हणाली. “घर ठाण्याला, वेगळंच हाय. टाका धड येत नाय, पण गिऱ्हाईक आणते.” मला नोकरी लागली तेव्हासुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

नोंदणी व्हायला कित्येक महिने गेले. पहिली सभा खालच्या बुद्धविहारात भरली. वेगवेगळ्या घरांची अट फक्त अर्जापुरती होती, त्यामुळे पहिला ठराव सुनेला अकरावी सभासद करून घेण्याचा. सगळ्यात आधी मावशीचा हात वर गेला. पाठोपाठ बाकीच्यांचे. मी ठराव लिहिण्यात गुंग होते.

“काय गं,” मावशी म्हणाली, “तुझं पण एक मत हाय ना?”

मी पेन खाली ठेवलं आणि हात वर केला.