दोन किलो उतरले तर नळी

माणूस आजारी पडला की बघायला येणारे केळी आणतात आणि किस्से ठेवून जातात. केळी दोन दिवसांत काळी पडतात. किस्से आमच्या घरात अजून पडून आहेत.

आबा, म्हणजे माझे वडील, जिंतूरच्या मोंढ्यात मापाडी. उभी हयात शेतकऱ्यांचा माल तोलला आणि गालात तंबाखू धरली. मग गालाचा कॅन्सर, मग रेडिएशनचे शेक. शेक संपले तेव्हा तोंड आतून सोललेलं, लाळ आटलेली, चव गेलेली. डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन किलो उतरले तर नाकातून नळी घालावी लागेल." आबा म्हणाले, "घाला. उपटून फेकतो." फेकलीही असती.

थोरले काका हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन आले. "तिखटानं चव येती, चाट!" थोरल्या भावाला नाही कसं म्हणायचं, म्हणून आबांनी बोटभर चाटला. दोन दिवस पाणीसुद्धा उतरेना. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. तोंडाची आग सांगितली, तर म्हणाले, "म्हंजे लागू पडलं की!"

डॉक्टरांनी थंड, मऊ द्यायला सांगितलं होतं. मी आईस्क्रीम आणलं. आत्याच्या मते थंड म्हणजे कफ. तिनं ते पातेल्यात ओतून गरम केलं! आबांनी एक घोट घेतला, डोळे मिटले. "अक्का, चहापत्ती टाकायची ऱ्हायली."

मी तरी कुठं शहाणा? भाकरी दुधात भिजवून मिक्सरमधून काढली. आबांनी ताटली मागं सरकवली. "मी काय म्हैस हाय का, आंबोण ठेवायला?"

आई म्हणाली, "म्हैस खाती तरी!"

सगळ्यात वैताग डॉक्टरांनी दिलेल्या जेलचा. जेवणाआधी तोंडात लावायचं, तोंड बधिर होतं, तेवढ्या पंधरा मिनिटांत काय ते गिळून घ्यायचं. एकदा जेल लावलं आणि दारात नामदेवमामा! मोंढ्यातले हमाल, आबांचे जुने दोस्त. पाहुण्यासमोर एकट्यानं खायचं नाही, ही आबांची अक्कल. आधी चहा ठेवायला लावला. मामा रडायलेत, "तुमची हालत बघवत न्हाई, मापाडी," आणि तळहातावर तंबाखू मळायलेत!

मी म्हणालो, "मामा, उठा. तुमच्या चहापायी त्यांचं जेवण बुडायलंय."

मामा गेले, तोवर तोंडाचा बधिरपणाही उतरला. आबा माझ्यावरच उखडले, "कॉलेज सोडलंस तशी लाज बी सोडलीस!"

मग वजनाचा दिवस. परभणीची एसटी. आबांनी दोन लिटरची पाण्याची बाटली मांडीवर घेतली. एकेक घोट, प्रत्येक घोटाला सीटची दांडी आवळलेली, डोळ्यांतून धारा. घरी दोन चमचे पेजेला तोंड फिरवणारा माणूस!

"आबा, दुखायलंय तर कशाला पिता?"

"गप बस."

वाटेत बोरी गेली, झरी गेली, बाटली संपली. लघवीलाही उतरले नाहीत. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. वजन वाढवायला कापूस ओला करून आणणारे कितीतरी शेतकरी याच माणसानं ढिगात कोपरापर्यंत हात घालून पकडले होते, चारचौघांत झापले होते!

दवाखान्यात आबा काट्यावर उभे राहिले, मान ताठ. वजन जिथल्या तिथं. सिस्टरनं आकडा बघितला, मग आबांचं टरटरलेलं पोट बघितलं.

"काका, आधी बाथरूमला जाऊन या."

दोनदा जाऊन आले. काटा दीड किलोनं खाली, आणि अर्धा लिटर अजून पोटात! डॉक्टरांनी पेन उचललं. सिस्टरनं माझ्या हातातली रिकामी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. "सर, जिंतूरपासून एवढं पिऊन आलेत."

डॉक्टरांनी पेन ठेवून बाटली हातात घेतली. "तोंडानं? म्हणजे गिळता येतंय. मग आत्ताच नळी नको. पंधरा दिवस बघू. उद्यापासून हीच बाटली, पाण्याऐवजी पेज. रोज संपली पाहिजे."

आबा काट्यावरून खाली उतरले.

"अर्ध्या लिटरची आणायला पायजे व्हती," मला म्हणाले.