प्लास्टरमामांचं ऑर्किड

हाडांच्या दवाखान्यात त्यांना सगळे प्लास्टरमामा म्हणत. डॉक्टर मोडलेलं हाड बसवून पुढच्या पेशंटकडे वळले, की उरलेलं काम मामांचं. ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या, तळहाताने गुळगुळीत करायच्या, आणि कुणी लहान पोर रडत असेल तर त्याला बजावायचं, "आता हा हात माझा. मी सोडीपर्यंत तुला वापरायला देणार नाही." पोर रडता रडता हसायचं.

मामांच्या सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लग्न ठरलं तेव्हा ते म्हणाले होते, "एकुलती एक पोरगी, आणि जावई कोण, तर लोकांना चुना लावणारा!" हा विनोद त्यांना फार आवडला असावा, कारण पुढे येईल त्या पाहुण्यापुढे तो त्यांनी पुन्हा पुन्हा केला. मामा प्रत्येक वेळी हसायचे. जावयाला दुसरं काय करता येतं?

सासऱ्यांचा जीव जुन्या घड्याळांत आणि एका पांढऱ्या ऑर्किडमध्ये होता. त्या झाडाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. पण डोळ्याचं ऑपरेशन झालं, वाकायला बंदी आली आणि झाड सासूबाईंच्या ताब्यात गेलं. सासूबाई म्हणजे नुसती माया. आल्यागेल्याला नको नको म्हणेस्तोवर वाढणाऱ्या. त्यांनी झाडालाही सोडलं नाही. सकाळी तांब्याभर पाणी, संध्याकाळी तांब्याभर पाणी. सासऱ्यांना नीट दिसायला लागलं तोवर पानं सुरकुतून लोळागोळा झाली होती आणि कुंडीला कुबट वास येत होता.

"टाकून द्या," सासरे म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. सासूबाई रडकुंडीला आल्या. शेवटी मामांच्या बायकोने कुंडी पिशवीत घातली, घरी आणली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली.

"हे काय आणलंस?" मामांनी विचारलं.

"बाबांचं झाड. बरं करा त्याला."

"अगं, मी हाडवाला. मला झाडातलं ओ की ठो कळत नाही."

"मोडलेलंच आहे ना? मग झालं तर!"

मामा कुंडी घेऊन रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाईंनी कुंडी उपसून पाहिली आणि त्या चुकचुकल्या. "कुजलेलं सगळं कापा. दयामाया करू नका. नवी कुंडी लहानच घ्या, मोठीत ओल साचते. माती नको, झाडाच्या सालीचे तुकडे भरा. आणि खत आत्ता अजिबात नाही. खायला मूळ तर हवं!"

रविवारी मामांनी वर्तमानपत्र पसरलं, कात्री गॅसवर तापवून निववली आणि एकेक मूळ चिमटीत धरून पाहिलं. मऊ पडलेल्या मुळाची साल मोज्यासारखी निसटायची, आत उरायचा नुसता दोरा. असं सगळं गेलं. कडक आणि रुपेरी अशी दोनच मुळं शिल्लक राहिली. कापलेल्या जागी त्यांनी दालचिनीची पूड दाबली, झाड दिवसभर उघडं वाळू दिलं आणि मग सालीच्या तुकड्यांत बसवलं.

काही आठवड्यांनी खालच्या पानाच्या बगलेतून नव्या मुळाचं एक हिरवं टोक डोकावलं. मामांनी आख्खं घर गोळा केलं, म्हणजे बायकोला हाक मारली. पण आठवडाभरात ते टोक काळं पडलं. दुसरं आलं, तेही गेलं. मामांचं तोंड उतरलं.

"तुम्ही रोज त्याला करता तरी काय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. नुसतं बघतो."

"कसं बघता ते दाखवा."

मामांनी दाखवलं. एका हाताने कुंडी उचलली, दुसऱ्याने पानं धरून झाड किंचित कलतं केलं आणि आत डोकावून पाहिलं. सैल सालींत झाड हलत्या दातासारखं डुलत होतं. नवं कोवळं टोक प्रत्येक वेळी सालीच्या खरखरीत कडेवर घासत होतं.

मामा तसेच थबकले आणि मग इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "अगं, दिवसभर मी लोकांवर ओरडतो, हलवू नका, हलवू नका! आणि घरी येऊन हे उद्योग!"

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यातून विचारून एक पट्टी घेऊन आले. प्लास्टर घट्ट होताना तापतं, म्हणून ते झाडाला लावायचं नव्हतं. त्यांनी कुंडीच्या काठाला दोन काड्या उभ्या प्लास्टर केल्या, आणि त्या काड्यांच्या मधोमध झाडाची मान मऊ कापसात लपेटून अलगद बांधली. बोटाने हळूच ढकलून पाहिलं. झाड जागचं हललं नाही. मग ती कुंडी खिडकीपाशी, पण उन्हाच्या झोताबाहेर ठेवली आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधले. पाहायचं ते लांबून.

दवाखान्यात ही बातमी पसरली. पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेले पेशंट मामांना विचारू लागले, "काय मामा, आमचं राहू द्या, तुमच्या पेशंटचं कसंय?" डॉक्टरही राउंडवरून जाता जाता भुवया उंचावून विचारायचे.

यावेळी टोक काळं पडलं नाही. ते लांबलं, वाकलं, सालींत शिरलं. मागोमाग आणखी एक आलं, मग दोन एकदम. सुरकुतलेली पानं फुगून ताठ झाली. कुंडी पारदर्शक होती, आत रुपेरी मुळं काचेला चिकटल्यासारखी पसरताना दिसायची, आणि पाणी घातलं की क्षणात हिरवी व्हायची. मामा येईल त्याला हा खेळ करून दाखवायचे.

मग एक दिवस सासरे जिना चढून आले. ते जावयाच्या घरी सहसा येत नसत. पाणी नको, चहा नको, सरळ खिडकीपाशी गेले. खिशातून घड्याळाचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि वाकून बराच वेळ पाहत राहिले. सासूबाई मागे पदर मुठीत धरून उभ्या.

"हे वरचं नवीन काय आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"मूळ असेल," मामा म्हणाले.

"मुळाचं टोक गोल असतं. याला बघा, हातमोज्याच्या अंगठ्यासारखी खाच आहे." त्यांचा आवाज चढला. "अहो जावईबापू, कळ्यांची दांडी आहे ही! फुलणार आहे पठ्ठ्या!"

सासूबाईंनी टाळ्याच वाजवल्या. सासऱ्यांनी मामांचा पंजा दोन्ही हातांत धरला आणि सोडायचंच विसरले. "सगळं संपलं होतं हो," ते सासूबाईंकडे वळून म्हणाले. "आणि तू उगाच रडत बसलीस." त्या म्हणाल्या, "मी? आणि भिंतीकडे तोंड कुणाचं होतं?"

दांडीवर नऊ कळ्या धरल्या. पहिली उमलली त्या दिवशी सासऱ्यांनी कुंडी रिक्षातून, मांडीवर घेऊन, आपल्या दुकानात नेली आणि काचेमागे मांडली. मामा ड्यूटी संपवून पाहायला गेले. फुलं आतल्या बाजूला होती, रस्त्याकडे सगळी मुळं.

"कुंडी उलटी ठेवलीत की काय?"

"सुलटीच आहे." सासऱ्यांनी एका गिऱ्हाइकाला काचेजवळ ओढत आणलं आणि बोट दाखवलं. "फुलं कुणाकडेही येतात हो. ही मुळं बघा, मुळं! माझ्या जावयाने आणलीत."