चिनी बरणीला राळ

आधीच सांगते, भूत, चेटूक, नजर यातलं मी काही मानत नाही. मुंज्याच्या पिंपळाखाली बसून मी व्हर्नाक्युलर फायनलचा अभ्यास केलाय. आमच्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यात मला ‘नास्तिक सून’ म्हणतात, नि मला त्याचा रागही येत नाही. तरी हे लिहितेय... कारण पोटात ठेवून ठेवून जीव मेटाकुटीला आलाय.

सासरे तरुणपणी चीनकडे जाणाऱ्या जहाजावर खलाशी होते. तिकडून त्यांनी एक फुलदाणी आणली – फिकट निळी, अंगभर बारीक भेगांची जाळी. आमच्या घरात तिला बरणीच म्हणतात. तीस-एकतीस साल असेल, मुंबईचे एक जुन्या वस्तूंचे शौकीन गृहस्थ ती बघायला आले. म्हणाले, “ही चीनच्या बादशहाच्या वाड्यातली. आणि या भेगा नव्हेत, भट्टीत मुद्दाम पाडलेली नक्षी आहे. नुसती वरच्या झिलईत. आतून भांडं अभंग आहे.”

सासूबाईंना हे पटेल तर शपथ. दरवर्षी पावसाळा संपून होडी पाण्यात लोटण्याआधी फळ्यांच्या फटींत कापूस नि राळ भरतात, तेव्हा उरलेली राळ त्या या बरणीच्या भेगांना चोपडायच्या. बादशहाच्या फुलदाणीला! मी हसले की म्हणायच्या, “भेग ती भेगच, पोरी. पानी वाट सोधतं.” त्या वर्षी त्यांचे हात सुजले होते, म्हणून बरणी तशीच राहिली. मी म्हटलं, सुटली बिचारी एकदाची.

दिवाळी होऊन गेली होती. आमचे हे दोन गडी घेऊन मुरूडच्या बाजूला मासेमारीला गेलेले. भर दुपार, लख्ख ऊन. मी अंगणात बोंबील वाळत घालत होते. आतून सासूबाईंची हाक आली – रोजची नव्हती ती. धावत गेले तर फडताळातल्या बरणीच्या एका भेगेतून पाणी वाहत होतं. थेंब नाही, धार. मी आत बोटं घातली... आत कोरडी ठक्क. बोटांना धूळ लागली. नि बाहेरून पाणी चाललंय. जिभेला लावलं तर खारट.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, “बुजव. माजा पोर पान्यात हाय.”

कापूस शोधायला वेळ कुठला? नेसत्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडला, डब्यातली राळ दिव्यावर पातळ केली, चिंधी त्यात बुडवून त्या भेगेवर दाबली. जी भेग नखालाही लागायची नाही, तिच्यात ती चिंधी गेली. कशी गेली, मला विचारू नका. पाणी थांबलं. आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी होडी परत आली. हे घरात आले नि प्यायला पाणीही न मागता मला म्हणाले, “तुजं हिरवं लुगडं कुठं हाय?”

मी दोरीवरून काढून दिलं. त्यांनी मूठ उघडली. मुठीत राळेने माखलेली, काठाची हिरवी चिंधी. फाटल्या जागी लावून पाहिली – धाग्याला धागा जुळला.

मग यांनी सांगितलं. आदल्या दिवशी भर दुपारी, किनारा दिसत नव्हता अशा जागी, तळाची फळी उकलली. तिघं पाणी उपसत होते, पण उपसण्यापेक्षा येणारं जास्त. होडी बसायला लागली. यांनी हात जोडून डोळे मिटले... आणि पाणी यायचंच थांबलं. होडी किनाऱ्यावर ओढल्यावर त्या फटीत ही चिंधी सापडली.

मी फडताळाकडे धावले. सासूबाई रात्रभर बरणीपाशी बसून होत्या, कुणी हात लावला नव्हता. चिंधी तिथे नव्हती. भेग होती तशीच, केसाएवढी.

ऊन, ओल, खारी हवा... सगळे तर्क लावून पाहिले. पण चिंधीचं काय करू? भुतं मी आजही मानत नाही. सासूबाई आता नाहीत. यंदा होडी लोटायच्या आधी राळ मीच घोटली. आधी बरणीला लावली, मग होडीला. हे बाजूला उभे होते. कुणी हसलं नाही.