शकुनबाईचा पगार

निराधार योजनेच्या पैशाला आमच्या मोहाडीकडे सगळे पगारच म्हणतात. शकुनबाईचा पगार सुरू झाला, त्या वर्षी मंडईत, म्हणजे आमच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, तिने स्वतःच्या पैशाने जिलेबी घेतली आणि आम्हा शेजारणींना हात धरधरून खाऊ घातली. विधवा बाई, जन्मभर दुसऱ्याच्या मागावर कोसा रेशीम विणलेलं. इतकी खुश मी तिला कधी पाहिली नव्हती. सरकारच्या पैशाने माणूस सुखी होतो का, असं कोणी विचारलं तर मी त्या जिलेबीची गोष्ट सांगेन.

पण यंदा दिवाळीनंतर कोणीतरी पुडी सोडली. म्हणे चौकशीवाले फिरून राहिले, कमावता पोरगा निघाला की पगार बंद. झालं! बाईची झोप उडाली. तिचा भोजराज नागपुरात दुकानात कामाला. आईचं औषधपाणी, किराणा सगळं तोच पाहतो. तिशी ओलांडली तरी लग्न जमत नाही, हा तिचा जुना घोर. तो घोरही मागे पडला. तिने पोराने आणलेली साडी पेटीत दडवली, फाटकं नेसली, आणि मंडईला येऊ नको म्हणून त्याला फोनवर बजावलं. कुत्रं भुंकलं तरी दचकायची. मला तिची कीव यायची, आणि रागही.

मंडईच्या दिवशी मी तिच्याच ओसरीवर होते. पँट-शर्टातला एक अनोळखी माणूस आला, पाय धुऊन बसला आणि म्हणाला, "पोरगा काय करते जी? तुमाले पाहते का?"

शकुनबाईने फाटका पदर पुढे ओढला. "कायचा पाहते! स्वतःचंच भागत नाही त्याचं. मले तं विचारतबी नाही." मी डोळे वटारले, पण बाई थांबेना.

माणूस चहा न घेताच उठला. "मायले जो विचारत नाही, त्याले आमी पोरगी कशी द्यावी?"

मंडईत पाहुणे सोयरीक पाहायला येतात, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक. धास्तीपायी नेमकी तीच विसरली.

शकुनबाई अनवाणी धावली. मी मागे. भर मंडईत ती ओरडली, "थांबा जी! मी खोटी बोलली! माझा पोरगा कमावते, तोच मले पोसते!"

पाहुणा वळला. पण शेजारच्या पानठेल्यावर तलाठ्याचा कोतवाल उभा होता, तोही वळला. शकुनबाईने त्याला पाहिलं. त्याचा एक शब्द तलाठ्याकडे गेला की पगार बंद.

मग ती पहिल्यापेक्षा मोठ्याने ओरडली, "तोच मले पोसते!"