वाकडं तोंड

बसा पावणं. जे सांगणार आहे ते माझ्या सख्ख्या भावाला ठाऊक नाही. देवापुढंसुद्धा तोंडातून निघालं नाही. नारळ फोडला, हात जोडले आणि गप माघारी आलो. आता तुमच्यापुढं काढतोय, तुम्ही कागदावर उतरवून घ्या. मधे बोलू नका. आणि "आबा, वय झालं तुमचं, जाऊ द्या की" असलं तर अजिबात नको. दया दाखवणाऱ्याचा मला राग येतो.

चौथी शिकलो, ती पण पुरी नाही. हुपरीत चांदीचा धंदा, घराखालीच कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, एक भट्टी, पाच-सहा माणसं आणि दिवसभर पैंजणं. पण माझा शब्द म्हणजे शब्द. चांदीवरनं दोघांत भांडण लागलं की लोक म्हणायचे, आबाला विचारा. मी चांगली म्हणालो की चांगली, वाद संपला. ह्या शब्दाचा मला माज होता. होता कसला, अजून आहे. नाहीतर हे एवढं लांबलं असतं का?

माझी लेक सुजाता डॉक्टर आहे. सुई टोचणारी न्हवं, फोटो वाचणारी. छातीचे, डोक्याचे, जे काय आत दडलेलं असतं त्याचे. तिनं पहिल्यांदा जे छापलं ते आमच्याच लोकांवर — भट्टीच्या धुरात आणि पॉलिशच्या धुळीत जन्म काढलेल्या माणसांच्या छातीवर. ही माणसं कोण गोळा करायचं? मी. एकेकाला दटावून गाडीत घालून कोल्हापूरला न्यायचो. बापू, माझ्याकडचा सगळ्यात जुना कारागीर, फोटो काढून बाहेर आला की छाती चोळत म्हणायचा, "ताई, आत कोण कोण हाय वो? बायकूला सांगू नका म्हंजे झालं." सगळे हसायचे. ती पण हसायची.

लेख इंग्रजीत. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण तिचं नाव कुठं छापलंय ते मी तिच्याकडून दाखवून घेतलं होतं, आणि आल्या-गेल्यापुढं पान उघडून नावावर बोट ठेवायचो. एकामागं एक लेख येत राहिले. सगळे छातीचे.

आणि मग छाती थांबली. त्यानंतर तिनं छापलं ते सगळं डोक्याचं. आम्ही म्हणतो अंगावरून वारं गेलं. ते काय असतं, मेंदूत गुठळी अडकली की फोटोत काय दिसतं, किती वेळात माणूस दवाखान्यात पोचला पाहिजे — ह्यावर तिचं नाव झालं. लोक म्हणतात, आई वाऱ्यानं गेली, म्हणून पोरीनं त्यालाच वाहून घेतलं, केवढी माया! हे ऐकलं की माझं टाळकं फिरतं. कसली माया? तिला छातीवरनं डोक्यावर नेलं ते माझ्या जिभेनं. कसं ते सांगतो. पण आधी ती सकाळ सांगायला पाहिजे, आणि तिथंच माझं पाऊल अडतं.

त्या सकाळी आमचं भांडण झालं. सुजाताला परदेशातून बोलावणं आलं होतं, छातीच्या कामासाठीच. तिची आई म्हणत होती, जाऊ द्या. मी म्हणत होतो, न्हाय. आठ दिवस हेच चाललेलं. त्या दिवशी चहाला बसताना मी शेवटचं सांगून टाकलं — ती कुठंबी जाणार न्हाय, आणि हा विषय परत काढायचा न्हाय.

सुजाताच्या आईनं तोंड वाकडं केलं.

आपल्यात बाईनं तोंड वाकडं केलं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मला जे कळायचं ते कळलं — ही मला मोजत नाही. लग्न झाल्यापासून भांडणातसुद्धा जिनं कधी माझा मान मोडला नव्हता, ती लेकीसाठी माझ्यापुढं तोंड वाकडं करते? वर हातातली बशी खाली पडली. मी म्हणालो, आपटतीस व्हय? ती काहीतरी बोलली, शब्द गिळगिळीत आला. मी म्हणालो, "तोंडात काय पान हाय का? नीट बोल की!" तिनं नुसतं बघितलं माझ्याकडं. ओठाचा उजवा कोपरा तसाच खाली. मी तिची नक्कल केली. हो, केली. तोंड वाकडं करून दाखवलं तिला, आणि दार आपटून खाली गेलो.

आमच्यात एक रीत पडली होती. भांडण झालं की दुपारी ती वरच्या खिडकीत येऊन पळीनं ताट वाजवायची. त्याचा अर्थ — संपलं, जेवायला या. मी कधी आधी गेलो नाही. ताट वाजायचं, मी पैंजणाच्या दोन-चार कड्या उगाच जास्त जोडायचो, मग उठायचो. मान राखायची पद्धत होती ती.

त्या दिवशी ताट वाजलं नाही. भट्टीवरची माणसं जेवून आली. बापू म्हणाला, "मालक, जेवाय जावा की." मी म्हणालो, "बोलवल्याबिगर न्हाय जात." "वैनी रुसल्या वाटतं आज." "रुसू दे. बघू कोण मोडतंय ते."

कोण मोडलं, पावणं?

उन्हं कलली तसा मी वर गेलो. समेट करायला नाही — ताट का वाजलं नाही ते विचारायला, ओरडायला. ती खिडकीखाली पडली होती. ताट बाजूला. पळी डाव्या हातात होती. ती सगळं उजव्या हातानं करायची.

म्हणजे ती खिडकीपर्यंत आली होती. मला बोलवायला, की मदतीला? हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

माझी हाक ऐकून बापू धावत वर आला. "काय झालं मालक?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "आत्ताच पडली. माझ्यासमोर." कुणी विचारलं नव्हतं कधी पडली म्हणून. मीच सांगितलं. खोटं किती पटकन येतं बघा, खऱ्याला अजून वाट सापडत नाही.

कोल्हापूरच्या दवाखान्यात सुजाता दारातच उभी होती. तिनं पहिला प्रश्न तोच विचारला, "आबा, आई शेवटची धडधाकट कधी दिसली?" मी म्हणालो, आत्ता निघायच्या आधी. चांगली बोलत होती, माझ्यासमोर कोसळली. आईला आत नेलं. डोक्याचा फोटो निघाला. तिनंच वाचला.

ती बाहेर आली. मला कोपऱ्यात घेतलं; गाडीत बरोबर आलेला बापू आणि एक नर्स दोन पावलांवरच उभे होते. हळू आवाजात म्हणाली, "आबा, एक पुसट सावली दिसत्या. आत्ता झालं असलं तर ती एवढ्यात दिसायची न्हाय. नीट आठवा. सकाळी काय वेगळं वाटलं का? बोलताना, तोंडावर? गुठळी फोडायचं इंजेक्शन आहे, पण वेळ निघून गेली असली तर ते उलटतं, डोक्यात रक्त उतरतं."

हे सगळं तिनं मला सांगितलं. स्वच्छ मराठीत सांगितलं. अडाणी आहे मी, बहिरा नाही.

तोंडावर, म्हणाली ती. तेव्हाच मला कळलं — सकाळी ते तोंड तिच्या आईनं केलं नव्हतं, झालं होतं. सगळं एका क्षणात कळलं. आणि कळल्यावर मी काय केलं? सकाळ म्हणालो असतो, तर नक्कल सांगावी लागली असती. दार आपटलेलं सांगावं लागलं असतं. दुपारभर खाली हट्टानं बसून राहिलो ते, बापूदेखत, नर्सदेखत सांगावं लागलं असतं. मी लेकीवर ओरडलो, "बापाला खोटं ठरवतीस? हुपरीत माझ्या शब्दावर चांदी घेत्यात लोक!"

तिनं मान खाली घातली आणि आत गेली. इंजेक्शन दुसऱ्या डॉक्टरांनी दिलं, पण वेळ माझी होती आणि फोटो तिचा. डोक्यात रक्त उतरलं. दोन-तीन दिवसांत तिची आई गेली. इंजेक्शन दिलं नसतं तर जगली असती का? मला माहीत नाही. सकाळीच आणली असती तर? विचारू नका.

इथं थांबलो असतो तरी माणूस म्हणालो असतो स्वतःला. दहाव्याला पाहुणे जमले होते. माझा मेव्हणा रडत म्हणाला, "घरात डॉक्टर असून माझी भण गेली, दाजी!" सगळ्यांनी सुजाताकडं बघितलं. आणि मी — ज्याला सगळं ठाऊक होतं तो मी — म्हणालो, "शिकली छातीचे फोटू, आन् वाचाय गेली डोस्क्याचे."

तिनं परदेशचं बोलावणं परत पाठवलं. छातीचं काम सोडलं. परत शिकायला बसली, डोक्याचे फोटो, फक्त डोक्याचे. आता कळलं, माया कुठली ती? माझ्या एका वाक्याला ती एवढी वर्षं उत्तर देतेय. एकेक लेख म्हणजे एकेक उत्तर. आणि मी ते लेख पाहुण्यांना दाखवतो. नावावर बोट ठेवून.

यंदा तिनं आईवर लिहिलं. नाव न घालता. मला मराठीत वाचून दाखवलं. त्यात होतं की सावली दिसली होती, पण वाचणाऱ्यानं तिला द्यायचं तेवढं वजन दिलं नाही. पुढं एक वाक्य — नातेवाइकानं सांगितलेली वेळ खात्रीची होती. मी म्हणालो, परत वाच. तिनं वाचलं. खात्रीची. मी विचारलं, हा शब्द घालायलाच पाहिजे का? ती म्हणाली, "मग काय घालू, आबा? तुम्हीच सांगितलेली की."

सांगण्यासारखी वेळ होती ती. घरात आम्ही दोघंच. मी म्हणालो, राहू दे, चांगला आहे शब्द.

मग कोल्हापुरात डॉक्टरांची सभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं, धोतर-फेट्यात. पडद्यावर तिनं आईच्या डोक्याचा फोटो लावला. काळा-पांढरा, भिंतीएवढा. त्यावर बोट ठेवून म्हणाली, ही सावली मला दिसली होती, चूक माझ्या डोळ्यांची. मग टाळ्या. ही खोट कबूल करायला केवढं धाडस लागतं, असं माझ्या शेजारचा म्हणाला.

मी पण टाळ्या वाजवल्या. हे सगळ्यात शेवटी सांगतोय, कारण हेच सगळ्यात नीच आहे. लेक माझं पाप स्वतःच्या डोळ्यांवर घेऊन उभी होती, आणि मी पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवत होतो. नंतर दोन कोवळे डॉक्टर येऊन माझ्या पाया पडले. मी त्यांना आशीर्वाद दिला.

तुम्ही लिहिलेल्या ह्या कागदावर माझी सही आहे; तो सुजाताला द्या. नाव कुठं आहे ते तिला माझ्यासारखं दुसऱ्याकडून दाखवून घ्यावं लागणार नाही. तिच्या लेखात एकच शब्द खोटा आहे, आणि तो माझा आहे. तिचे डोळे चुकले नव्हते. सावली खरी होती. तोंड खरंच वाकडं झालं होतं.

मी सकाळीच बघितलं होतं.