पेटीशेजारचा फोटो

आमच्या उरवड्याच्या वर्कशॉपमध्ये नेटवर्कची कामं करायला येणारे गृहस्थ शेजारच्याच गावचे. सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी जिथं जोडलेल्या असतात, ती नेटवर्क स्विचची पेटी उघडण्याआधी ते चपला काढतात आणि आतल्या पंख्याचा आवाज ऐकतात. तोवर कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. नवा माणूस दिसला, की त्याला हटकून सांगणार, "ही पेटी लई गुणाची. एकाच वायरीतनं कॅमेऱ्याला वीज बी जाती आन् चित्र बी येतं."

गेल्या दसऱ्याला कामगारांनी मशीनबरोबर स्विचलाही झेंडूचा हार घातला. पाकळ्या पंख्याच्या जाळीत अडकल्या, स्विच तापला आणि सगळे कॅमेरे बंद पडले. हे गृहस्थ आले, तेव्हा सगळे खाली मान घालून उभे. यांनी चिमट्यानं एकेक पाकळी काढली. मला वाटलं, आता चिडणार.

"पूजा केली ते बेस केलं," ते म्हणाले. "आजवर हिला कुणी मशीन म्हनलं न्हवतं."

यंदा दसऱ्याला ते न बोलावताच आले. उरलेल्या निळ्या केबलचे तुकडे ओवून आणलेली माळ त्यांनी पेटीच्या दाराला बाहेरून अडकवली. फोटोसाठी प्रत्येक जण आपापल्या मशीनशेजारी उभा राहिला. हेही चपला काढून, छाती पुढे काढून पेटीशेजारी उभे राहिले.